एफ-वन दाबा

आमच्या माळ्यावर, आकाशकंदील आणि गळका हंडा यांच्या मधल्या जागेत, एक म्हातारा कॉम्प्युटर राहतो. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माउस नाही. घरातले फोटो आणि आईची दत्ताची भजनं सांभाळायची, एवढंच त्याच्याकडे काम. वीज गेली तरी आली की आपला आपण उठायचा. इतकं निमूट माणूस आमच्या घरात दुसरं नाही.

आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाईट जाते ती गुरुवारी. आणि दत्ताचा वारही गुरुवारच. त्या गुरुवारी चांगली सहा तास गेली. संध्याकाळी आईने हाक मारली, "अरे, भजन लागत नाहीये."

शिडी लावून वर गेलो. म्हातारा गारठलेला. बटण दाबलं, पंखा फिरला, भजन नाही. शेवटी शेजाऱ्यांचा जुना मॉनिटर मागून आणला आणि तो मांडीवर घेऊन माळ्यावर बसलो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर होता. त्याचं मराठी असं: कीबोर्ड सापडत नाही. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

म्हणजे घरी कोणी नसल्यास आतून कडी काढावी!

दिवाणाखालून कीबोर्ड शोधला. गोल पिनेचा, जांभळ्या भोकात जाणारा, पीएस-टू. ही पद्धत १९८७ सालची, आयबीएमची. मोबाइलचा टॉर्च दातांत धरून त्या बारीक पिना एकदाच्या बसवल्या आणि एफ-वन दाबलं. ढिम्म. पुन्हा दाबलं. मग टायपिंगच्या परीक्षेत बडवायचो तसं बडवलं. खालून बायको म्हणाली, "अहो, माळा पडेल."

चूक माझीच होती. हा कॉम्प्युटर सुरू होतानाच एकदा हजेरी घेतो. कीबोर्डला म्हणतो, स्वतःला तपास आणि ठीक असशील तर सांग. त्या क्षणी जो हजर नाही, त्याने नंतर कितीही ओ दिली तरी गैरहजेरी पुसली जात नाही. पुन्हा बंद करून चालू केला. कीबोर्डचे तिन्ही दिवे एकदम लुकलुकले, एफ-वन लागू पडलं.

तेवढ्यावर न थांबता बायोसमध्ये शिरलो, कॉम्प्युटरने सुरू कसं व्हायचं ते जिथे ठरवतात त्या पानावर. तिथे ‘हॉल्ट ऑन’ नावाची ओळ असते, म्हणजे कशाकशावर अडून बसायचं. ‘ऑल एरर्स’ होतं, ते ‘ऑल, बट कीबोर्ड’ केलं. हे मी फार वर्षांपूर्वीही केलं होतं अशी शंका आली, पण वयाच्या मानाने अशा शंका येतातच. कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २००२ दाखवत होती. म्हाताऱ्याला जुने दिवस आठवत असतील म्हणून ती दुरुस्त केली आणि ऐटीत खाली उतरलो.

पुढच्या गुरुवारी पुन्हा शिडी, पुन्हा शेजाऱ्यांचा मॉनिटर, पुन्हा तोच मजकूर. आणि पुन्हा १ जानेवारी २००२.

आता कुठे उजेड पडला. बायोसच्या सेटिंगा आणि घड्याळ जपायला मदरबोर्डवर सेल असतो, रुपयाएवढा, सीआर-२०३२. भिंतीतून वीज मिळते तोवर तो मेला आहे हे कळतच नाही. वीज गेली की म्हातारा सगळं विसरतो: तारीख, आपलं आपण उठायचं वचन, आणि कीबोर्ड नसला तरी चालेल ही तडजोडसुद्धा.

साडेसात वाजत आले होते. आई समई लावून बसली होती. बाजारात जाऊन यायला अर्धा तास लागला असता. तसला सेल घरात एकाच ठिकाणी होता, ते मला ठाऊक होतं.

भजन वेळेवर लागलं. आईने तोंडभर आशीर्वाद दिले.

शुक्रवारी सकाळी नानकटाईचा मैदा मोजायला बायकोने स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. दोनदा बटण दाबलं, उलटा करून बघितला.

"अहो, हा काटा का लागत नाहीये?"

मी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "त्यात सेल असतो का गं?"