डेमो देणाऱ्यालाच परीक्षक करू नका

आमच्या गावच्या कलामंडळाचं वार्षिक प्रदर्शन परवा संपलं. चित्रं उतरवली, हॉलची अनामत परत मिळाली (खिळा ठोकल्याबद्दल थोडी कापूनच). आता स्पष्ट लिहितो. मंडळातल्या काही जणांना राग येईल, येऊ दे.

भिंतीवरची निम्म्याहून जास्त चित्रं जलरंगातली निसर्गचित्रं होती आणि नावं झाकली तर सगळी एकाच हातची वाटावीत. मागे जांभळट धूसर डोंगर, पुढे मेणवलीचा घाट, पायऱ्यांवर पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं, पाण्यात एका फटक्यात ओढलेलं प्रतिबिंब. दिवाळीआधी कार्यशाळेला आलेल्या पाहुण्या चित्रकारांनी हेच तर काढून दाखवलं होतं! ओल्या कागदावर अल्ट्रामरीन निळा, त्यात बर्न्ट सिएना हा तपकिरी सोडायचा, वाळायच्या आत डोंगर, मग हेअर ड्रायर. दीड तासात चित्र पूर्ण आणि टाळ्या. डेमो खरंच सुंदर होता, हात फार तयार आहे त्यांचा. पण प्रदर्शनाला परीक्षक म्हणूनही तेच! मग लोक दुसरं काय करणार? फी भरून जे शिकलो तेच गुरुजींपुढे ठेवणार.

एका काकूंनी घरातली स्टीलची मांडणी रंगवली होती. साधा कार्ट्रिज कागद, पोस्टर कलर. डब्यांवर ट्यूबलाइटच्या उभ्या पांढऱ्या रेघा आणि प्रत्येक डब्यात समोरची खिडकी वेगळी वाकलेली. एका पातेल्याला पोचा होता, तिथे तर खिडकीचे दोन तुकडे झालेले. नोंदणीच्या टेबलावर मी ते चित्र हातात घेऊन बघतच राहिलो. निवड झाली नाही. शेरा काय, तर ‘पारदर्शकतेचा अभाव’. अहो, पोस्टर कलरमध्ये पारदर्शकता कुठून आणायची? काकू चित्र पिशवीत घालून घेऊन गेल्या, एका शब्दाने बोलल्या नाहीत.

परीक्षक चुकतात, हे काही नवीन नाही. 1888 साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचंच बघा. 1895 मध्ये तिथे चित्रकार एम. व्ही. धुरंधरांना सुवर्णपदक मिळालं, 1937 मध्ये अमृता शेरगिलना मिळालं. दोन्ही निवडी आजही खणखणीत वाटतात. त्याच सोसायटीने के. एच. आरांचं स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचं भलंमोठं चित्र नाकारलं. पण आरांच्या बाजूला सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे होते. 1947 मध्ये त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला आणि स्वतःची वाट धरली. मुंबईत ते जमलं. आमच्या गावात चित्र टांगायला वर्षातून एकदा एकच भिंत मिळते. तिथून परत पाठवलेल्या माणसाने जायचं कुठे? काकू काय नवा ग्रुप काढणार आहेत?

परीक्षक नकोतच, असं माझं म्हणणं नाही. आलं ते सगळं लावलं की बघणाऱ्याचा जीव गुदमरतो, तेही एका वर्षी करून झालंय. पण ज्याने त्या वर्षी शिकवलं त्याने त्या वर्षी निवडू नये, एवढं तरी पाळा. दोन पाहुण्यांचा प्रवासखर्च परवडत नाही, असं आमचे खजिनदार म्हणतात. मग बाहेरून एकच बोलवा आणि दुसरा आपल्याच तालुक्यातला घ्या. गणपतीच्या मूर्ती घडवणारा चालेल, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवणारे ड्रॉइंगचे सर चालतील. त्यांना घाट नवीन नाही, त्यामुळे त्याची भुरळही पडणार नाही. आणि नाकारलेल्या चित्रांसाठी एक संध्याकाळ ठेवा. परीक्षकांनी चित्रासमोर उभं राहून, चित्रकाराच्या देखत, का नाही घेतलं ते सांगावं. शेरा लिहिताना पेन आपोआप जपून चालेल.

पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे, तिथे मी हे मांडणार आहे. कुणाला विरोध करायचा असेल तर खुशाल करा, पण सभेला येऊन करा. व्हॉट्सअॅपवर नुसते अंगठे दाखवून गप्प बसू नका.