म्हणे, रिंगाच गेल्यात!

"दादा, मॉडिफाय केलेली गाडी आहे, ती ऑइल पिणारच." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. पिणारच म्हणजे काय? गाडीला व्यसन लागलंय का? कुठून पितेय ते सांगा की! ते सांगायचं म्हटलं की लगेच दुसरं ठेवणीतलं वाक्य येतं: "रिंगा गेल्यात. इंजिन उतरवावं लागेल." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या.

गाडी जुनी एस्टीम. १२९८ सीसीचं इंजिन, त्यावर हवा दाबून आत भरणारा टर्बो, आत फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेले पिस्टन, बूस्ट म्हणजे टर्बोचा जादा दाब जेमतेम अर्धा बार. इंजिन बांधून फार दिवस झालेले नाहीत. आणि हे महाशय ८०० किलोमीटरला लिटरभर ऑइल फस्त करतात. पार्किंगच्या फरशीवर थेंब नाही, ऑइल चेंबरच्या पॅकिंगला ओल नाही, कूलंटमध्ये तवंग नाही. म्हणजे गळत नाहीये, जळतंय. इथपर्यंत शेंबड्या पोरालाही कळेल. पुढचं मात्र कोणालाच शोधायचं नाही, सगळ्यांना थेट पाना हातात घ्यायचाय.

एकाने तर बॉनेट उघडायच्या आधीच रिंगांचा निकाल दिला. दुसऱ्याने निदान सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले. तरी याचं आपलं, "रिंगाच आहेत." अरे, मग गेज कशाला लावलंस, शोभेला? आता यातली खरी गंमत अशी की कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून रिंगा निर्दोष सुटत नाहीत. वरच्या दोन रिंगा दाब धरतात, ऑइल खरवडून खाली आणायचं काम तिसरीचं. ती कार्बनने चिकटून बसली तरी गेजला पत्ता लागत नाही. हे त्याने म्हटलं असतं तर मी खुर्ची आणून दिली असती बसायला. पण त्याचं कारण काय, तर "अनुभव आहे".

मग आला हेडवाला, इंजिनाच्या वरच्या, वॉल्वच्या भागाचा कारागीर. "वॉल्व सील बदलून टाकू, स्वस्तात काम." टाकले बदलून. फरक शून्य. सील किंवा गाइड (वॉल्वची दांडी सरकते ती नळी) गेले असतील तर ते ओळखायला हेड उघडावं लागत नाही हो! रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली की निळा धूर भसकन येतो, नंतर बंद होतो. किंवा लांब उतारावर गाडी गिअरमध्ये सोडा. थ्रॉटल बंद, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम जबरदस्त, गाइडमधून ऑइल ओढलं जातं आणि खाली पोचून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे ढग. साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला की हा उतार आयता मिळतो. मित्राला मागच्या गाडीत बसवून मी तेच केलं. ढग नाही. सकाळचा धूर नाही. हे सगळं हेडवाल्याला आधी सांगितलं होतं. त्याने मान डोलावली आणि हेड उघडलं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

मित्राला धूर दिसला तो चढावर, बूस्ट भरल्यावर. हे ऐकताच रिंगवाले पुन्हा नाचायला लागले. पण प्लग काढून बघितले तर एकावरही ओलं ऑइल नाही, चारही सारखेच, किंचित काळपट. चारही सिलिंडरच्या रिंगा मुहूर्त काढून एकदमच गेल्या का?

शेवटी वैतागून मीच इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, खालचा जॉइंट सोडला. क्लॅम्प ढिला केला आणि होजमधून काळं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. खाली धरलेला स्टीलचा पेला अर्धा भरला. अर्धा पेला! म्हणजे ऑइल पिस्टनच्या बाजूने वर येत नाहीये, हवेबरोबर पुढून आत शिरतंय. याचा फोटो पाठवला तर उत्तर काय? "टर्बोत थोडं ऑइल असतंच." असतं. पुसट ओल असते. पेल्यात मोजण्याइतकं नसतं.

तिथून मागे मागे गेलं की संशयित दोनच उरतात, इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारा ब्रीदर आणि टर्बो. ती वाफ पुन्हा मॅनिफोल्डमध्ये सोडणारा पीसीव्ही वॉल्व अजून मूळचाच, बिनटर्बोच्या इंजिनासाठी बनवलेला. त्याला आयुष्यभर व्हॅक्यूम माहीत, बूस्ट नाही. तो नीट बंद झाला नाही तर मॅनिफोल्डमधला दाब सरळ क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात घुसतो. वाफेतलं ऑइल गोळा करणारा कॅच कॅन बसवलाय म्हणून पाठ थोपटून घेतली होती, त्याचा होज करंगळीएवढा, आत ऑइल अडवणारा पडदा, म्हणजे बॅफल नाही, नुसता चकचकीत रिकामा डबा. आणि टर्बोचा ड्रेन पाइप! तो सरळ खाली उतरायला हवा, कारण टर्बोतून ऑइल बाहेर येतं ते फेसाळलेलं, पंपाचा जोर संपलेला, फक्त स्वतःच्या वजनावर. आमच्या कारागिराने तो एक्झॉस्टला वळसा घालून चांगला वीतभर आडवा नेलाय. टर्बोचं सील म्हणजे नळाचा वॉशर नव्हे की ऑइल घट्ट अडवून धरेल. क्रँककेसमध्ये दाब वाढला, ड्रेन तुंबला, की ऑइल मिळेल त्या फटीतून कॉम्प्रेसरकडे, म्हणजे टर्बोच्या हवेच्या बाजूला जाणार. त्याचा काय दोष?

बरं, यातलं नेमकं काय हे शोधायलाही इंजिन उतरवावं लागत नाही. डिपस्टिकच्या नळीला कमी दाबाचा छोटा गेज जोडा, चढावर बूस्टमध्ये आकडा बघा. ब्रीदर इनटेकपासून तोडून तात्पुरता बाटलीत सोडा, इंटरकूलर धुऊन काढा, चारशे किलोमीटर चालवा. होज कोरडा राहिला तर ब्रीदर, ओला झाला तर टर्बो. या सगळ्याला गेज आणि बाटलीपलीकडे खर्च काय? पण यात लेबर कुठे लावणार? इंजिन उतरवण्यात आहे, बोअर करण्यात आहे, होनिंगमध्ये आहे, नव्या रिंगांच्या सेटमध्ये आहे. आणि नवा ब्लॉक याच आडव्या ड्रेनला जोडून दिला की पुन्हा ८०० किलोमीटरला लिटर. मग म्हणायचं, "दादा, रिंगा बसायला वेळ लागतो."

कहर म्हणजे जाड ऑइलवाले. "वीस-पन्नास ग्रेडचं टाका, पिणं कमी होईल." जे पातळ ऑइल त्या ड्रेनमधून धड उतरत नाही, त्याच्या जागी जाड ओतू?

हेड उघडल्याचं बिल समोर पडलंय. पहिलीच ओळ: इंजिन तपासणी. काय तपासलं, कशाने तपासलं, आकडा किती आला, यातलं एक अक्षर नाही. रक्कम मात्र चोख लिहिलीय. रविवारी ड्रेन पाइप मी स्वतः कापून सरळ करणार आहे, आणि त्या दिवशी कोणी शेजारी उभं राहून "रिंगा बघितल्या का?" असं विचारलंच, तर तो अर्धा पेला मी अजून जपून ठेवलाय.