पोस्टरच्या पांढऱ्या पट्टीबद्दल प्रेसकडून उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रार थोडक्यात अशी, की पोस्टरचा गडद निळा रंग कडेपर्यंत गेला नाही, खाली सेंटीमीटरभर पांढरी पट्टी राहिली आणि तिच्यावर बारीक दाब उमटलेत. वर 'ग्रिपर लागतो' ही प्रेसवाल्यांची ठरलेली सबब, घरचा प्रिंटरसुद्धा पूर्ण पान छापतो, असंही तुम्ही लिहिलंय. रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. पण ही सबब नाही, एवढं सांगायला हवं.

घरच्या इंकजेटमध्ये कागद रोलरवरून सावकाश सरकतो. पूर्ण पान छापताना थोडी शाई कडेबाहेर उडू दिली जाते आणि आतलं शोषक पॅड ती टिपून घेतं. तुमचं पोस्टर छापलं त्या ऑफसेट मशीनला ही सोय नाही. फीडरने, म्हणजे कागद एकेक करून आत सोडणाऱ्या भागाने, दिलेला कागद आधी फ्रंट ले आणि साइड ले या पुढच्या आणि बाजूच्या अडणींना टेकून सरळ होतो. मग ग्रिपर, म्हणजे दांड्यावर ओळीने बसवलेले पोलादी चिमटे, त्याची पुढची कड पकडतात. तिथून डिलिव्हरीपर्यंत, म्हणजे छापलेले कागद जमा होतात तिथपर्यंत, कागद एका ग्रिपरकडून दुसऱ्या ग्रिपरकडे जात राहतो. देताना-घेताना क्षणभर दोघांनीही कड धरलेली असते, पहिला त्यानंतरच सुटतो. मध्ये कागद जरा जरी मोकळा सुटला, तर पुढच्या युनिटचा (एकेक रंग छापणाऱ्या भागाचा) रंग आधीच्या रंगावर नेमका बसत नाही. ताशी 15,000 चा वेग धरला तर सेकंदाला चारहून जास्त कागद असे हातोहात जातात. त्यात तुमच्या निळ्यासारखा सॉलिड, म्हणजे सलग भरलेला रंग असला, की चिकट शाईमुळे कागद ब्लँकेट, म्हणजे कागदावर शाई उतरवणारं रबरी आवरण, सोडायला तयार नसतो. त्याला ओढून सोडवतात तेही ग्रिपरच. म्हणून पुढची, तुमच्या पोस्टरवर खालची, साधारण 8 ते 12 मिलिमीटर जागा त्यांची, तिथे छपाई होत नाही. (वर्तमानपत्राच्या मशीनला ग्रिपर नसतात हे खरं, पण तिथे ताणून धरलेला रीळ असतो, सुटा कागद नव्हे.)

दाबांवरून तुम्ही मशीन जुनाट ठरवलंत. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. खुणा एका रेषेत आणि सारख्या खोलीच्या आहेत, म्हणजे सगळ्या ग्रिपरांची पकड सारखी होती. मधल्या दोन-तीन खुणा पुसट असत्या तर मलाच काळजी वाटली असती, कारण तिथे कागद घसरतो आणि अक्षरांमागून दुसऱ्या रंगाची कड डोकावते. तुमच्या पोस्टरवर तसं कुठेही दिसत नाही.

'कागद उलटा फिरवून ती पट्टी दुसऱ्यांदा छापायची होती,' हेही तुम्ही सुचवलंय. फिरवला की कागदाची दुसरी कड ग्रिपरमध्ये जाते. दोन्ही कडा काटेकोर समांतर नसतील तर छपाई तिरकी बसते. शिवाय एका सॉलिडला दुसरा सॉलिड जोडला की सांधा दिसतोच: थोडा वर चढला तर गडद रेघ, थोडा कमी पडला तर पांढरी. कोणताही मशीनमन या कामाला हात जोडेल.

आता मुद्द्याचं. कागद तुम्ही आणून दिलात, तोही पोस्टरच्या तयार मापाचा. मोठा कागद घ्या, चारी बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड द्या (म्हणजे चित्र कापायच्या रेषेबाहेर तेवढं वाढवा), छापून कटिंग करू, असं आम्ही प्लेट काढण्याआधी सांगितलं होतं. त्यावर 'कागद खपवायचा धंदा' असं उत्तर मिळालं. मग पट्टी कुठे आणि किती राहील हे प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, आखून दाखवलं आणि तुमची सही घेतली. बाकी तीन बाजूंना बारीक पांढरी रेघ आहे, तीही याच कारणाने. चित्र कडेबाहेर नेलं असतं तर शाई कागदाला मागून दाब देणाऱ्या इम्प्रेशन सिलिंडरवर पडून पुढच्या कागदांची पाठ माखली असती.

पोस्टर अजून लावले नसतील तर गठ्ठा परत आणा. चारी बाजू कटिंग करून देतो, त्याचे पैसे नकोत. उंची सेंटीमीटरभर आणि रुंदी किंचित कमी होईल. खालची तारखेची ओळ कडेपासून बरीच आत आहे, ती कापली जाणार नाही. गठ्ठ्याची ग्रिपरची बाजू मात्र विस्कटू नका, सगळे कागद एकाच दिशेने असले की गिलोटिनवर (कटिंग मशीनवर) काम लवकर होतं.