पोळ्यांना बाई लावली, आणि इतर गुन्हे

आपल्याकडे बाईच्या सहनशक्तीचं जेवढं कौतुक होतं, त्याच्या निम्मं जरी तिच्या अकलेचं झालं असतं तरी माझं आजारपण पुष्कळ सोपं गेलं असतं. "किती सोसते हो, पण चेहऱ्यावर दिसू देत नाही!" हे वाक्य प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशाला कुणीतरी ऐकवतंच. म्हणणारीचा हेतू चांगला असतो, म्हणून हसून सोडून देते. पण आज लिहूनच टाकते. मी सोसत नाही. सोसणं जिथे टाळता येतं तिथे बिनदिक्कत टाळते, आणि म्हणूनच माझं बरं चाललंय.

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. इंदूरमध्ये हे सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "अच्छा, गठिया!" आणि पुढचा प्रश्न, "इस उमर में?" हो, याच वयात. म्हातारपणी गुडघे झिजतात ते वेगळं आणि युरिक ॲसिड वाढून अंगठा सुजतो तेही वेगळं. माझ्या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. बहुतेकांना तिशी ते साठीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटींनी जास्त होतो. बोटांची पेरं, मनगटं, पायांचे चवडे, आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखंच. सकाळी उठल्यावर हात तासभर, कधी त्याहून जास्त, आखडलेले राहतात. तुमच्यापैकी कुणाला असं काही आठवडे होत असेल तर तेल चोळत बसू नका, संधिवाताच्या डॉक्टरकडे जा. सुरुवातीलाच नीट औषध मिळालं तर सांधे वाकडे होणं बऱ्याच अंशी टाळता येतं. रक्ततपासणीत या आजाराची खूण, म्हणजे आरए फॅक्टर, निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त राहू नका, काहींचा तो निगेटिव्हच असतो.

या आजाराची सगळी खोड सकाळी दिसते, आणि आपल्या इंदूरची सगळी शिस्तही सकाळीच. कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते ती नेमकी माझ्या मुठी उघडत नसतात तेव्हा. ओल्या कचऱ्याच्या बादलीची कडी ही पातळ तारेची असते आणि ती बोटांच्या मधल्या पेरावर बरोबर रुतते. पहिली काही वर्षं मी ती बादली कोपरात अडकवून जिना उतरायचे. मग गाडीवरच्या मुलाला एकदा सरळ सांगितलं की बाबा, मला सकाळी हे उचलवत नाही. तो म्हणाला, "दीदी, आप गेट पे रख दिया करो, मैं उठा लूँगा." झालं. आता रात्रीच बादली फाटकाशी ठेवली जाते. देशात स्वच्छतेत पहिला नंबर आणणाऱ्या शहरात माझा वाटा एवढाच, की माझी बादली दुसरा कुणीतरी उचलतो.

पण हेच घरात सांगायला गेलं की अवघड. पोळ्यांना बाई लावली तेव्हा नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी जे तोंड केलं ते मी विसरणार नाही. "आम्ही बाळंतपणाच्या तिसऱ्या महिन्यात वीस-वीस माणसांच्या पोळ्या लाटल्या." लाटल्या असतील. मला त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही. कणीक मळताना मनगटावर जो जोर पडतो तो सुजलेल्या सांध्याला दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरतो, आणि मी शाळेत गणित शिकवते. मला ते मनगट फळ्यासाठी हवंय. पोळी कुणीही लाटेल, आठवीच्या वर्गाला बैजिक राशी माझ्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही. (गर्व आहे, असू दे.)

दुसरा गुन्हा म्हणजे ब्लाउजची हुकं काढून टाकली. पाठीमागची हुकं लावणं म्हणजे सकाळचा सगळा वेळ आणि निम्मा जीव. शिंप्याला सांगून पुढे टिचबटणं करून घेतली. नळाच्या गोल चकत्या काढून दांडीचे नळ बसवले. जड लोखंडी कढई जावेला दिली. पेनला आणि चमच्यांच्या दांड्यांना फोमची नळी चढवली, कारण बारीक वस्तू घट्ट धरण्यापेक्षा जाड वस्तू सैल धरायला सोपी जाते. बरणीचं झाकण उघडायला रबराचा तुकडा. यातल्या एकाही गोष्टीला चार पैशांहून फार जास्त लागले नाहीत. लागलं ते फक्त "मला हे जमत नाही" असं मोठ्यांदा म्हणणं, आणि ते आपल्या घरांत फार महाग असतं.

औषधाचं सांगते, कारण तिथे मात्र अजिबात सूट नाही. आमच्याकडे शनिवार मारुतीचा आणि मेथोट्रेक्सेटचा. मेथोट्रेक्सेट हे माझ्या आजाराचं मुख्य औषध, आणि ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. हे पुन्हा लिहिते: आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर रक्त तयार होण्याची प्रक्रियाच ढासळते आणि जिवावर बेततं. म्हणून वार ठरवून घ्यावा, तो घरातल्या सगळ्यांना माहीत असावा, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून वाराचं नाव लिहून घ्यावं. डॉक्टर सांगतील त्या दिवशी फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची गोळी. ठरलेल्या अंतराने रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या. याच आजाराचं दुसरं औषध, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, चालू असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. औषधाचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडणारे स्वतःचंच नुकसान करतात. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण गरोदरपणात मेथोट्रेक्सेट चालत नाही. रविवारी मला मळमळतं. रविवारी आमच्याकडे पोहे बाहेरून येतात, वर शेव आणि जिरावण मसाला घालून, आणि ते बाकीचे खातात. मी दुपारपर्यंत लिंबू-पाण्यावर.

आता सल्लागार मंडळी. वांगं बंद कर, टोमॅटो बंद कर, दही बंद कर, तांब्याचं कडं घाल. वांग्याशी माझं वैर नाही आणि तांब्याच्या कड्याने माझ्या सांध्यांचं काही वाकडं किंवा सरळ झालं नाही. यावर मी वाद घालत नाही, चहा देते. पण एका गोष्टीवर मात्र भांडते. "अमक्या गावात एक बाबा पुड्या देतात, तीन दिवसांत माणूस पळायला लागतो." तीन दिवसांत पळायला लागतो ना, मग त्यात काय असेल ते ओळखा! अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. स्टेरॉइड हे औषधच आहे; 1948 साली अमेरिकेत कॉर्टिझोन पहिल्यांदा दिलं गेलं ते संधिवाताच्याच एका रुग्ण बाईला, आणि त्या कामासाठी 1950 चं नोबेलही मिळालं. दुखण्याचा भडका उडाला की माझे डॉक्टरही थोड्या दिवसांसाठी देतात. पण मोजून देतात, मोजून कमी करतात. पुडीत किती आहे कुणाला ठाऊक? चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केलं तर वेगळाच घात.

दुखण्यापेक्षा मला जास्त छळतो तो थकवा. तो दिसत नाही, त्यामुळे पटतही नाही. हात सुजलेले दिसले तर लोक खुर्ची देतात, थकलेल्या माणसाला मात्र "जरा बाहेर पडत जा, बरं वाटेल" असं ऐकवतात. मी बाहेर पडते की! सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक मी सहसा चुकवत नाही, फक्त कडेची खुर्ची घेते, म्हणजे मध्यंतरात पाय मोकळे करायला कुणाच्या गुडघ्यांवरून जावं लागत नाही. हिवाळ्यात सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खायलाही जाते. पण रात्री सराफा म्हणजे दुसऱ्या सकाळी काही नाही, हा हिशोब आधीच ठरलेला. दोन्ही हवं म्हटलं तर तिसऱ्या दिवशी अंथरूण. कशाला नाही म्हणायचं ते मी ठरवते, मंडळाची कार्यकारिणी नाही.

मला प्रेरणादायी गोष्टी पाठवणाऱ्यांसाठी एक. रेन्वार या फ्रेंच चित्रकाराला हाच आजार होता. हात पार वाकडे झालेले, तरी 1919 मध्ये जाईपर्यंत तो रंगवत होता. हे सांगताना सगळे त्याच्या जिद्दीवर येऊन थांबतात. मला त्यातलं पुढचं आवडतं. कुंचला त्याच्या हातात दुसरं कुणीतरी ठेवून देत असे, आणि मोठा कॅनव्हास गुंडाळून सरकवता येईल अशी सोय त्याने करून घेतली होती, म्हणजे हात पोचत नसेल तिथे चित्रच हाताशी येईल. जिद्द होतीच हो, पण तिला मदतनीस होता आणि सरकता कॅनव्हास होता. आपल्या घरातल्या बाईकडून मात्र आपल्याला नुसती जिद्द हवी असते, तीही वरण-भातासकट.

तर मंडळी, यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे खुर्च्या मांडलेल्या असतील. पन्हं आणि आंब्याची डाळ पोळ्यांच्या बाई करणार आहेत, आणि त्या माझ्यापेक्षा चांगली करतात. "अगंबाई, खाली सतरंजी नाही?" असं विचारणाऱ्या आहेतच, तेव्हा कोपऱ्यात एक सतरंजीही घालीन. हवं तिने बसावं. उठवायला मात्र मी येणार नाही.