करमरकरांचा इम्पॅक्ट मोजायचा कुठे? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

काका, नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, इंटर्नलचे पेपर तपासणं चालू होतं आणि तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उरकावी अशी नव्हतीच.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. लिनिअर प्रोग्रॅमिंग सोडवायची नवी पद्धत देणाऱ्या नरेंद्र करमरकरांवरच्या माझ्या पोस्टखाली काकांनी लिहिलंय की माणूस मराठी आहे म्हणून आपण त्याला डोक्यावर घेतो, त्यांचा मूळ अल्गोरिदम आज कोणी वापरत नाही, कल्पना रशियातल्या डिकिनची १९६७ सालचीच होती, आणि बोटावर मोजण्याइतके पेपर लिहिणाऱ्याचा इम्पॅक्ट तो कसला. काकांनी स्वतः तीस वर्षं कोळशाच्या डिस्पॅचचं प्लॅनिंग केलंय, लिनिअर प्रोग्रॅमिंग (ठरलेल्या अटी पाळून सगळ्यात कमी खर्चाचं किंवा जास्त फायद्याचं उत्तर काढायचं गणित) हाताने केलेला माणूस आहे, म्हणून मी हे मनावर घेतलं.

पहिले तुमचं जे बरोबर आहे ते. करमरकरांची मूळ प्रोजेक्टिव्ह पद्धत आजच्या सॉल्व्हरमध्ये, म्हणजे अशी गणितं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नसते हे खरं. ‘आज प्रत्येक विमान कंपनी करमरकर अल्गोरिदम वापरते’ हे माझं वाक्य चुकीचंच होतं. आणि १९८४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली तेव्हा बेल लॅब्जनी (करमरकर जिथे काम करायचे ती एटी अँड टीची प्रयोगशाळा) सिम्प्लेक्सपेक्षा, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्याने उत्तराकडे जाणाऱ्या जुन्या रूढ पद्धतीपेक्षा, कितीतरी पट वेगाचे दावे केले पण तपशील दाबून ठेवले, बाहेरच्या लोकांना ते आकडे पडताळताच येईनात, त्यावर लोक चिडले ते योग्यच होतं. पुढे एटी अँड टीनी १९८८ मध्ये पेटंट मिळवलं, कॉर्बेक्स नावाची सिस्टीम ८९ लाख डॉलरला विकायला काढली. गणिताच्या पद्धतीवर पेटंट मलाही पटत नाही.

पण काका, यावरून ‘इम्पॅक्ट नाही’ इथपर्यंत तुम्ही जी उडी मारली तिथे मी थांबते.

मी दरवर्षी थर्ड इयरला क्ली-मिंटीचा क्यूब, म्हणजे सिम्प्लेक्सला मुद्दाम लांबच्या वाटेने फिरवणारं उदाहरण, फळ्यावर सोडवून दाखवते. तीन व्हेरिएबल, आठ कोपरे, उत्तर खरं तर सुरुवातीच्या कोपऱ्याच्या शेजारीच, पण सिम्प्लेक्स शोधणाऱ्या डान्ट्झिगच्या नियमाने निघालं की सिम्प्लेक्स एकेक करत आठही कोपरे फिरून येतो, सात पिव्हट, म्हणजे एका कोपऱ्यावरून शेजारच्यावर सात उड्या. पोरं तिसऱ्या टेबलालाच कंटाळतात. मग मी विचारते ५० व्हेरिएबल घेतले तर? २ चा ५० वा घात, म्हणजे ११ कोटी कोटींच्या वर पिव्हट, सेकंदाला एक कोटी केले तरी साडेतीन वर्षं. हे १९७२ पासून माहीत होतं. व्यवहारात सिम्प्लेक्स इतका वाईट वागत नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय, पण तो कधीच वाईट वागणार नाही याची हमी कोणाकडे नव्हती. १९७९ मध्ये खाचियाननी एलिप्सॉइड पद्धतीने हमी दिली तर ती पद्धत प्रत्यक्षात इतकी हळू की कामाची नाही. एकाकडे वेग, दुसऱ्याकडे हमी, आणि बहुतेकांना वाटायचं की हे असंच चालायचं.

करमरकरांनी १९८४ मध्ये जे दाखवलं ते हे, की कडेकडेने न जाता आतून जायचं, आणि प्रत्येक पायरीला सगळा आकारच असा बदलून घ्यायचा की आपण उभे आहोत तो बिंदू मधोमध येईल. भिंतीला चिकटलेल्या माणसाला मोठं पाऊल टाकता येत नाही ना, म्हणून पाऊल टाकायच्या आधी भिंतीच लांब सरकवायच्या, पाऊल टाकायचं, मग मूळ आकारात परत यायचं. अशा आतून जाणाऱ्या पद्धतींनाच इंटिरिअर पॉइंट पद्धती म्हणतात. याची पायऱ्यांची हमी त्यांनी सिद्ध केली, मोजमापात ती एलिप्सॉइडपेक्षा n च्या (व्हेरिएबलच्या संख्येच्या) अडीच घाताइतकी सरस निघाली. आणि वर हे प्रत्यक्षातही चालेल असं ठामपणे सांगितलं.

आता डिकिन. डिकिनना श्रेय द्यायलाच पाहिजे, माझ्या पोस्टमध्ये त्यांचं नाव नव्हतं ही चूक. फ्रिशची लॉग बॅरिअरची कल्पना (कडेजवळ गेलं की दंड वाढवत उत्तराला आतच ठेवायचं) तर त्याहून जुनी, १९५५ ची. पण बघा, डिकिनचा पेपर १९६७ चा, आणि पश्चिमेकडच्या लोकांना तो सापडला १९८५ नंतर, कारण करमरकरांची पद्धत सोपी करता करता ते नेमके डिकिनच्याच पद्धतीवर येऊन पोहोचले होते. बॅरिअर पद्धती सत्तरच्या दशकात आकडेमोडीत बिघडतात म्हणून बाजूला टाकल्या होत्या, १९८६ मध्ये गिल, मरे वगैरे पाच जणांनी दाखवलं की करमरकरांची पद्धत आणि ती जुनी बॅरिअर पद्धत आतून एकच. पंधरा-वीस वर्षं कपाटात पडलेल्या गोष्टी दोन वर्षांत टेबलावर आल्या काका, ते कोणामुळे? हाच मी इम्पॅक्ट म्हणते, आणि तो पेपर मोजून दिसत नाही. आज इंटिरिअर पॉइंट वापरणारा १९८४ चा पेपर सायटेशनमध्ये टाकेलच असं नाही, ती पद्धत आता पाठ्यपुस्तकात गेली.

दुसरी गोष्ट तुमच्या लाडक्या सिम्प्लेक्सची. माझ्या मते स्पर्धक आला म्हणून तोही सुधारला. सीप्लेक्स हा सॉल्व्हर लिहिणाऱ्या रॉबर्ट बिक्स्बींचा हिशोब आहे, १९८८ ते २००४ मध्ये मशीन साधारण १६०० पट वेगवान झाली आणि लिनिअर प्रोग्रॅमिंगचे अल्गोरिदम, मशीनचा वेग वगळून, ३३०० पट. त्यात ड्युअल सिम्प्लेक्स या सिम्प्लेक्सच्याच प्रकाराचा वाटा मोठा आहे, सगळं बॅरिअरचं नाही, पण १९८४ च्या आधी हे क्षेत्र असं धावत नव्हतं.

मागच्या सोमवारी लॅबमध्ये पोरं संत्र्याचं मॉडेल चालवून राहिली होती. काटोल, नरखेड, वरूड, कळमेश्वर धरून ४० गावं, ६० बाजारपेठा, ५० दिवसांचा हंगाम, म्हणजे १ लाख २० हजार व्हेरिएबल. सॉल्व्हरला दोन्ही पद्धती एकदम सुरू करायला सांगितल्या. स्क्रीनवर बॅरिअरच्या ओळी यायला लागल्या, डावीकडे प्रायमल (मूळ प्रश्नाचा आकडा), उजवीकडे ड्युअल (त्याच्या जोडप्रश्नाचा), दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकतायत, ३४ व्या ओळीला आठ आकड्यांपर्यंत जुळले. सिम्प्लेक्स तेव्हा हजारोंच्या पिव्हटमध्ये होता. मग क्रॉसओव्हर होऊन उत्तर नेमक्या कोपऱ्यावर आणून ठेवायला परत सिम्प्लेक्सच्याच पायऱ्या लागल्या. एक पोरगी म्हणाली, मॅडम, हे तर दोघं मिळून करतात. हो, दोघं मिळूनच.

आणि थिअरीतला परिणाम तर मी पोस्टमध्ये नीट लिहिलाच नव्हता. नेस्टेरोव्ह आणि नेमिरोव्स्कींनी १९९४ पर्यंत हीच वाट लिनिअरच्या पलीकडे नेली, सेमीडेफिनिट प्रोग्रॅम (ज्यात व्हेरिएबल म्हणून मॅट्रिक्स असतात) व्यवहारात सुटायला लागले ते त्यामुळे. २०२२ मध्ये सहा जणांच्या टीमने मॅक्सिमम फ्लो (नेटवर्कमधून जास्तीत जास्त किती वाहून नेता येईल हा प्रश्न) जवळपास रेषीय वेळात सोडवला, त्याच्या पोटातही इंटिरिअर पॉइंट पद्धतच आहे.

मराठीपणाबद्दल म्हणाल तर ग्वाल्हेरच्या मराठी घरातला मुलगा आयआयटी मुंबईहून १९७८ ला बाहेर पडतो आणि सहा वर्षांत हे करतो, याचा मला आनंद होतो आणि तो मी लपवणार नाही. पण वर जे लिहिलं त्यातलं एकही कारण आडनावावर उभं नाही.

विमान कंपन्यांचं वाक्य आज बदललंय, डिकिन आणि फ्रिशचा परिच्छेद घातलाय, बघून घ्या. आणि तुमच्याकडे डिस्पॅचच्या जुन्या शीट अजून असतील तर खरंच द्या, पोरांना संत्र्यापेक्षा कोळशाचं मॉडेल जास्त शिकवेल, त्यात रेल्वे रेकच्या अटी कशा बसवायच्या ते मला तुमच्याकडूनच समजून घ्यायचंय.