घास आणि पोतं

२०२५च्या पावसाळ्यात कबुतरांना दाणे घालणं थांबवायला मुंबई महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, आंदोलकांनी ती फाडली, आणि तो वाद जर्मनीतल्या मराठी घरांतही येऊन पोहोचला. एक बाजू म्हणते, भूतदया हा आमचा धर्म. दुसरी फुफ्फुसांच्या आजाराकडे बोट दाखवते, आणि तिचं खरं आहे. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली, तर काहींची फुफ्फुसं सुजून कायमची कडक होतात. पण पहिल्या बाजूशी मला धर्माच्याच भाषेत बोलायचं आहे.

‘जें जें भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत’, असं ज्ञानेश्वरीचा दहावा अध्याय सांगतो. हे रोजच्या आचारात उतरवायची रीतही आपल्याकडे आहे: पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ. शिजवलेल्या अन्नातून गाईला, कुत्र्याला, कावळ्याला, मुंग्यांना एकेक घास, तोही आपण जेवायच्या आधी. पानाशेजारच्या चित्राहुती तर चार शितांच्याच. घरच्या अन्नातलं आणि मापाचं, एवढंच. चौकात ज्वारीचं पोतं ओतणं या रीतीत कुठेच बसत नाही, कारण ओतणारा निघून जातो आणि त्या पाखराचं पुढे काय होतं हे त्याला कळतही नाही.

कबुतर एका वेळी दोन अंडी घालतं, साधारण १८ दिवस उबवतं, आणि दाणा मुबलक असला की वर्षभर विणीवर वीण होत राहते. मग थवा दाटतो, रोग पसरतात, पिल्लं मरतात.

जर्मनीने २००२ साली प्राण्यांचं रक्षण राज्यघटनेत घातलं. आपल्या घटनेत जीवमात्रांबद्दलची करुणा नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६पासूनच आहे. पण घटनेत लिहिलं म्हणून जर्मनीतली माणसं जास्त दयाळू ठरत नाहीत. २०२४ साली इथल्या लिंबुर्ग गावाने कबुतरं मारण्याच्या बाजूने मतदान केलं. इथून घेण्यासारखी आहे ती आउग्सबुर्ग शहराच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत.

थवा जिथे आधीच बसतो, तिथल्याच छपराखाली खुराडं बांधायचं. दाणा आत द्यायचा, पक्ष्यामागे दिवसाला साधारण ३० ग्रॅम. म्हणजे ५०० पक्ष्यांना १५ किलो. अंडी उचलून तिथे प्लास्टरची किंवा प्लास्टिकची ठेवायची. नुसती उचलली तर मादी लगेच पुन्हा घालते आणि झिजते. विष्ठा एका जागी राहते. ती पाणी शिंपडून, मास्क लावूनच काढायची. पद्धत फसते ती दोन कारणांनी. बाहेर चौकात दाणा मिळत राहिला तर थवा आत येत नाही. आणि अंडी बदलण्याची फेरी चुकली तर पिल्लं निघतात.

अंडी उचलणं हीही हिंसाच, असा आक्षेप येईल. तो मी हलक्याने घेत नाही. म्हणूनच आठवड्यातून दोनदा फेरी हवी, म्हणजे गर्भ वाढण्याआधीच अंडं हाती लागतं. निघालेलं पिल्लू गर्दीत रोगाने मरू देण्यापेक्षा मला हे पत्करतं.

मुंबईत नुसती बंदी घातली, तर भुकेला थवा शेजारच्या गॅलऱ्यांत आणि एसीच्या खोबणींत शिरतो. आधी खुराडी बांधा, दात्यांची ज्वारी तिथे वळवा, त्यांच्यातल्याच काहींना फेरीचं काम द्या, आणि मग चौक बंद करा.

इथे जर्मनीत राहणाऱ्यांनाही हेच लागू. अनेक जर्मन शहरांत कबुतरांना खाऊ घातल्यास दंड होतो. पितृपक्षात बाल्कनीत काकबळी ठेवायचा असेल तर घासभरच ठेवा, कावळा येऊन जाईपर्यंत तिथेच थांबा, आणि उरलेली शितं लगेच उचला.