तीन डावी म्हणजे एक उजवं

आमची मारुती २००४ची. मेहुणा तिला 'डबा' म्हणतो आणि कुठं लग्नाला जायचं निघालं की डब्यात सगळ्यात आधी तोच येऊन बसतो. गेल्या दिवाळीपासून या गाडीला एक आवाज लागला. सरळ जाताना काही नाही, डावीकडं वळताना काही नाही. उजवीकडं स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की डाव्या चाकातून कट-कट-कट. आजी अडकित्त्यानं सुपारी कातरायची, हुबेहूब तसा.

शहाण्या माणसानं गाडी मिस्त्रीकडं नेली असती. मी उजवीकडं वळायचं सोडून दिलं.

परभणीत हे जमतं. तीनदा डावीकडं वळलं की एकदा उजवीकडं वळल्यासारखंच होतं, हे गणित मला पन्नाशीत सुटलं. वसमत रोडला भाजी आणायला निघालेले आम्ही एकाच रसवंतीपुढून दोनदा जायचो. दुसऱ्या खेपेला बायको खिडकीबाहेर बघत नुसतीच "हं" म्हणायची. एकच उजवं वळण चुकत नव्हतं, आमच्या गल्लीचं. तिथं कट-कट ऐकू आली की ती घरात चहाचं आधण ठेवायची. एवढा कामाचा आवाज बंद कशाला करायचा, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

गंगाखेडला भाच्याच्या बारशाला निघालो, त्या दिवशी पेट्रोल भरून पंपाबाहेर पडताना उजवीकडं वळावंच लागलं. अडकित्ता दोनदा वाजला, मग सुपारी नव्हे, दगडच फुटल्यासारखा आवाज आला. गाडी थांबली. गियर पडलेला, इंजिन बोंबलतंय, वेगाचा काटा २० वर आणि गाडी जागच्या जागी. मागून ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काका, जायलाव की नुसतंच बसलाव?"

मिस्त्रीनं गाडीखाली मान घातली आणि तिथूनच निकाल दिला. "एक्सल गेला. कवापासून वाजायलंय?"

"झाले दोन-चार दिवस."

तो बाहेर आला. माझ्याकडं न बघता त्यानं चाकामागचं काळं रबर बोटानं उलगडून दाखवलं. त्याला बूट म्हणतात, त्याच्या आत एक्सलचा सांधा असतो, म्हणजे जॉइंट. बूट फाटला की चाक फिरेल तसं आतलं ग्रीस बाहेर उडतं आणि त्याच वाटेनं माती आत शिरते. आपल्याकडची माती काळी, ग्रीसही काळं. आत कोण किती आहे, त्याला तरी कुठं कळणार होतं! "बूट फाटला तवाच आले असते, तर ४०० रुपयांत भागलं असतं. दोन-चार दिवसांत एवढी माती जात नसते, साहेब."

खरी लढाई चाकाच्या मधल्या मोठ्या नटाशी होती. वीस वर्षांचा गंज. मला आत बसवून "ब्रेक सोडू नका" म्हणाला, पान्याला हातपंपाचा लोखंडी पाईप जोडला आणि त्यावर स्वतः उभा राहिला. नट हलेना. डिझेल सोडलं, हातोडी मारली, चहा झाला. मग पोऱ्यालाही पाईपवर चढवलं. कडाक्! माझा पाय ब्रेकवर अन् जीव भलतीकडंच. एक्सलचा दांडा, म्हणजे शाफ्ट, गियरबॉक्समधून ओढला तेव्हा गियर ऑइलची धार बारशासाठी घेतलेल्या माझ्या नव्या चपलेवर पडली.

त्यानं जॉइंट फडक्यावर उघडला. आत सहा पोलादी गोळ्या, त्यांना धरून ठेवणारी जाळी आणि गोळ्या पळायच्या पन्हाळी. जाळी दोन जागी फुटलेली. पन्हाळीवरून त्यानं नख फिरवलं. "अडकतंय बगा. हितंच वाजत होतं." चाक वळलेलं असो की खड्ड्यात गेलेलं, त्याला एकसारखी गती पोचवायची, ही सगळी करामत त्या सहा गोळ्यांची. १९२६ साली फोर्डमधल्या आल्फ्रेड झेपा नावाच्या इंजिनिअरनं हे शोधलं. नाव झेपा, आणि त्याला ते झेपलंही. मला ४०० रुपयांचं रबर झेपलं नाही. गोळ्या पोऱ्यानं गोट्या खेळायला खिशात घातल्या.

नवा शाफ्ट नांदेडहून ट्रॅव्हल्सनं आला. तो उजव्या बाजूचा निघाला. दोन्ही बाजूंच्या लांब्या वेगळ्या असतात, हे दुकानदाराला फोनवर ओरडून सांगताना मिस्त्रीचा आवाज बहुतेक नांदेडला फोनशिवायच पोचला असेल. दुसऱ्या दिवशी डावा आला. शाफ्ट आत ढकलताना मी विचारलं, "नीट बसेल ना?"

"बनी तो बनी, नहीं तो परभणी," म्हणत त्यानं शाफ्ट नेटानं दाबला. खट्. बसला.

बिल ४,८०० रुपये. घरी फोनवर मी १,८०० सांगितले. आकडा एका हजारानं खोटा सांगायचा, तर तीन हजारांनी काय वाईट?

संध्याकाळी मुद्दाम उजवीकडची सगळी वळणं घेत आलो. गल्लीत वळलो, काही म्हणजे काही वाजलं नाही. गाडी लावून पायरीवर चढलो तर आत बायको फोनवर भावाशी बोलत होती.

"अठराशे म्हणालेत. म्हंजे पाचेक हजार गेले बघ. येऊ दे, वळणावर वाजलं की कळतंय मला."

मी पाय न वाजवता गाडीपाशी गेलो आणि दोनदा हॉर्न दिला.